ऑपेरात टेनर व्हायचंय? कुठला रोल कधी गायचा इथपासून सगळं

टेनर, म्हणजे पुरुषाचा उंच आवाज, म्हटलं की सगळ्यांना आधी हाय सी, म्हणजे त्याचा वरचा टोकाचा सूर, आठवतो. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पावारोत्तीने डोनिझेत्तीच्या ऑपेरातल्या एकाच आरियात, म्हणजे एकट्याने गायच्या गाण्यात, नऊ हाय सी भरल्या आवाजात घेतले आणि त्याचं नाव कुठच्या कुठे गेलं, त्यामुळे गायला लागलेल्या प्रत्येक पोराला वाटतं की तो एक सूर लागला की आपलं झालं. पण त्याच पावारोत्तीचा बाकीचा हिशोब बघा ना. १९६१ मध्ये रेज्जो एमिलियाला 'ला बोएम'मधल्या रोदोल्फोपासून सुरुवात, पुढे बरीच वर्षं लिरिक आणि बेल कांतोचेच, म्हणजे हलक्या, सुरेल आवाजाचेच रोल, आणि वेर्दीचा ओतेल्लो गायला तो थेट १९९१ मध्ये, ५५ वर्षांचा असताना, तोसुद्धा कॉन्सर्टमध्ये. वेश चढवून स्टेजवर ओतेल्लो त्याने कधी केलाच नाही. टेनरचं करिअर कुठल्या वयात कुठला रोल घेतला आणि कुठला सोडला यावर ठरतं असं माझं ठाम मत आहे आणि पुढे जे काही सांगतोय ते सगळं फिरून फिरून तिथेच येतं.

आधी आवाज कुठला ते कळू दे

पियानोवरच्या मधल्या सी च्या खालचा सी ते वरचा सी, अशी साधारण दोन सप्तकं टेनरला लागतात. पण नुसती रेंज बघून कुणी टेनर ठरत नाही, कारण बरेच बॅरिटोन, म्हणजे टेनरच्या खालच्या आवाजाचे पुरुष, वरचा बी फ्लॅट ओरडून काढू शकतात आणि बरेच खरे टेनर पहिली चार-पाच वर्षं ए च्या वर जायला घाबरतात. बघायचं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे आवाज तासभर कुठे आरामात राहतो, आणि दुसरं म्हणजे तो वळतो कुठे. त्या वळणाला पासाज्जो म्हणतात, टेनरचं ते मधल्या सी च्या वरच्या ई, एफ, एफ शार्प, जी या टापूत येतं, बॅरिटोनचं त्याच्या थोडं खाली. चांगला शिक्षक हे वळण ऐकतो, वरचा सूर किती जोरात लागला ते नाही.

आणि चुकीचं निदान मोठमोठ्यांचं झालंय. कार्लो बेर्गोंझी १९४८ मध्ये बॅरिटोन म्हणून स्टेजवर आला, तीन वर्षं बॅरिटोनचेच रोल केले, मग स्वतःच आवाज पुन्हा बसवला आणि १९५१ मध्ये टेनर म्हणून परत पदार्पण केलं, आणि वेर्दी गाणाऱ्यांमध्ये त्याचं नाव आजही सगळ्यात आधी घेतात. टेनर म्हणून गाजलेल्या दोमिंगोनेही मेक्सिकोत ऑडिशन दिली ती बॅरिटोन म्हणूनच, ऐकणाऱ्यांनी सांगितलं की बाबा तू टेनर आहेस. त्यामुळे अठरा-एकोणिसाव्या वर्षी कुणी छातीठोकपणे सांगत असेल की तू ड्रॅमॅटिक टेनर आहेस, तर मान डोलवा आणि मोझार्टच गात राहा.

टेनरमध्ये परत उपप्रकार आहेत, जर्मन लोक त्याला फाख म्हणतात आणि तिथली कास्टिंगची सगळी भाषाच फाखची असते. सगळ्यात हलका तो रॉसिनी-डोनिझेत्तीवाला, म्हणजे 'बार्बर ऑफ सेव्हिल'मधला अल्माविवा, 'डॉन पास्क्वाले'मधला एर्नेस्तो. त्याला लागून मोझार्ट, म्हणजे तामिनो, फेर्रान्दो, ओत्ताविओ. मग पूर्ण लिरिक, म्हणजे रोदोल्फो, 'त्राव्हियाता'चा आल्फ्रेदो, 'रिगोलेत्तो'चा ड्यूक, लेन्स्की, फाउस्ट. त्याच्या पुढे स्पिंतो, लिरिकपेक्षा जास्त जोराचा, म्हणजे 'तोस्का'चा काव्हारादोस्सी, डॉन होझे, डॉन कार्लो. आणि टोकाला सगळ्यात भारी तो ड्रॅमॅटिक, म्हणजे ओतेल्लो, कालाफ, सॅमसन, आणि वाग्नरचे सीगमुंड, सीगफ्रीड, ट्रिस्टान. हे शेवटचे पस्तिशी-चाळिशीच्या आधी हात लावायचे नाहीत, कितीही मोठं थिएटर असू दे.

अजून एक प्रकार आहे ज्याच्याकडे नवीन पोरं ढुंकूनही बघत नाहीत, तो म्हणजे कॅरॅक्टर टेनर. 'फिगारो'मधला बासिलिओ, 'मॅजिक फ्लूट'मधला मोनोस्टाटोस, 'मॅडम बटरफ्लाय'चा गोरो, वाग्नरचा मीमे. हिरो नाही, पण अभिनय जबरदस्त लागतो, प्रत्येक थिएटरला असे लोक सतत हवे असतात आणि साठी ओलांडली तरी कामं येत राहतात. ज्याच्या आवाजात खूप सौंदर्य नाही पण डोकं, जीभ आणि शरीर चपळ आहे त्याने या वाटेचा अगदी मनापासून विचार करावा, हा काही हरलेल्यांचा कोपरा नाही.

शिक्षक आणि पहिली चार-पाच वर्षं

शिक्षक कसा ओळखायचा याची माझ्या मते एकच खरी चाचणी आहे, क्लासमधून बाहेर पडताना आवाज आत जाताना होता त्यापेक्षा मोकळा वाटायला हवा. थोडा थकवा ठीक आहे, पण दर वेळी घसा घोगरा होत असेल, दुसऱ्या दिवशी बोलताना खरखर होत असेल, तर शिक्षक कितीही नावाजलेला असो, दोन-तीन महिन्यांत निर्णय घ्या आणि बाहेर पडा. आणि पहिल्याच महिन्यात मोठ्या आरिया गायला लावणारा शिक्षक नको. सुरुवातीला पाच सुरांच्या साध्या सरगमी, लांब श्वास, स्वर एकसारखे ठेवणं, असलंच कंटाळवाणं काम असतं आणि तेच खरं काम आहे.

श्वासाचं थोडक्यात सांगायचं तर इटालियन परंपरेत अप्पोज्जो म्हणतात ते शिका, म्हणजे श्वास घेताना बरगड्या उघडतात ना, त्या गाताना लगेच कोसळू द्यायच्या नाहीत, हवा हळूहळू सुटू द्यायची. नाहीतर सगळा भार घशावर येतो.

पासाज्जोचं मात्र जरा नीट बघू, कारण टेनर इथेच घडतो किंवा इथेच अडकतो. पियानोवर डी दाबा आणि 'आ' गा, मग ई, मग एफ, मग एफ शार्प. डी पर्यंत उघडा 'आ' छान वाटतो. एफ ला तोच 'आ' तसाच उघडा ठेवला की आवाज ओरडल्यासारखा होतो, हनुवटी पुढे येते, स्वरयंत्र वर चढतं, आणि तिथून पुढे जी, ए ला जायला रस्ताच राहत नाही. उपाय असा की ई-एफ च्या आसपास 'आ' ला किंचित 'ओ'कडे झुकू द्यायचं, स्वरयंत्र जागेवर शांत, जबडा ढिला, आणि आवाज वाढवायच्या ऐवजी उलट जरासा आत घ्यायचा. गाणाऱ्याला स्वतःला तेव्हा आवाज लहान झाल्यासारखा वाटतो आणि इथेच सगळे घाबरून परत ओरडायला लागतात, म्हणून फोन रेकॉर्डिंगला लावून मोठ्या हॉलच्या पार मागच्या रांगेत ठेवा आणि दोन्ही प्रकार गाऊन बघा. उघडा 'आ' पहिल्या पाच रांगांत मरतो, वळवलेला मागेपर्यंत पोचतो. हे एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं की विश्वास बसतो, तोपर्यंत शिक्षकाने शंभरदा सांगून काही होत नाही.

असं का होतं तेही समजून घ्या, कारण ऑपेरात माइक नसतो. समोर खड्ड्यात साठ-सत्तर वादकांचा ऑर्केस्ट्रा असतो आणि त्यांच्या आवाजाचा जोर सगळ्यात जास्त ५०० हर्ट्झच्या आसपास असतो, वर जाताना तो झपाट्याने कमी होतो. तयार झालेल्या गायकाच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या जवळपास एक वेगळं शिखर तयार होतं, स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी यावर १९७० च्या दशकात बरंच काम केलंय, आणि नेमका तिथे ऑर्केस्ट्रा कमजोर असतो व माणसाचा कान तीक्ष्ण. इटालियन लोक त्या धारेला स्क्विल्लो म्हणतात. म्हणजे ऑर्केस्ट्राच्या वरून जायचं तर ताकद लावून उपयोग नाही, आवाजात ती धार यायला हवी, आणि ती ढकलून येत नाही.

रियाज किती करायचा हे सगळेच विचारतात. हाय सी ला स्वरतंतू सेकंदाला ५२३ वेळा एकमेकांवर आपटतात, हा आकडा डोक्यात ठेवला की आपोआप अक्कल येते. वीस-पंचवीस मिनिटांचे दोन-तीन तुकडे, मध्ये विश्रांती, वरचे सूर मोजकेच. एकूण तास-दीड तास पुरे. बाकीचा वेळ तोंड बंद ठेवून करायची कामं ढीगभर आहेत, शब्द, भाषांतर, ताल, पाठांतर.

भाषा आणि रोल बसवणं

इटालियन, जर्मन, फ्रेंच या तिन्हीशिवाय चालतच नाही, आणि नुसता उच्चार नाही, वाक्य कळायला हवं. चार ओळींचा रेचितातिव्ह, म्हणजे बोलल्यासारखा गायचा भाग, गाताना कुठला शब्द महत्त्वाचा आहे हे कळत नसेल तर ऐकणाऱ्याला तिसऱ्या सेकंदाला समजतं. पुढे रशियन आणि चेक आलं तर लेन्स्की आणि 'रुसाल्का'चा राजपुत्र असे सुंदर रोल खुले होतात. पियानो स्वतःची ओळ वाजवता येईल इतका तरी आला पाहिजे, नाहीतर प्रत्येक सूर शिकायला कोचला, म्हणजे पियानोवर रोल बसवून घेणाऱ्याला, पैसे देत बसाल.

नवीन रोल घेतला की क्रम असा ठेवा. आधी सगळे शब्द, प्रत्येकाचा अर्थ पेन्सिलने स्कोअरमध्ये (नोटेशनच्या पुस्तकात), आपल्याच नाही तर समोरच्या पात्राच्याही ओळींचा. मग शब्द मोठ्याने वाचायचे, मग तालात बोलायचे, मग सूर एक सप्तक खाली, आणि सगळ्यात शेवटी पूर्ण आवाजात. उलट क्रमाने केलं, म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून लगेच गायला लागलात, की दुसऱ्या कुणाच्या तरी सवयी, त्याने श्वास कुठे घेतला, त्याचे लांबवलेले सूर, सगळं घशात बसतं आणि ते काढायला दुप्पट वेळ जातो. शिवाय ज्याची रेकॉर्डिंग ऐकली त्याचा आवाज तुमच्यापेक्षा दोन मापं मोठा असेल तर नकळत तसं गायला जाता, ते अजून वाईट.

कुठे शिकायचं, पैसे किती

खरं सांगायचं तर ऑडिशनमध्ये डिग्री कुणी विचारत नाही. कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीताच्या कॉलेजात, जायचं ते शिक्षक, भाषा, रोजचा पियानोवादक आणि स्टेज मिळतं म्हणून. पावारोत्ती कुठल्या कॉन्झर्व्हेटरीत गेलाच नाही, आर्रिगो पोला आणि मग कांपोगाल्लियानी यांच्याकडे खाजगी शिकला आणि त्या काळात शाळेत शिकवून आणि इन्शुरन्स विकून खर्च भागवला. पण आज खाजगी वाट कठीण आहे कारण ओळखी शाळेतूनच होतात. लंडनची रॉयल अकॅडमी आणि रॉयल कॉलेज, न्यूयॉर्कचं जुलियार्ड ही नावं सगळ्यांना माहीत असतात, पण कर्ज काढून जायच्या आधी हे बघा की फिलाडेल्फियाच्या कर्टिसमध्ये आणि तिथल्याच अकॅडमी ऑफ व्होकल आर्ट्समध्ये ट्यूशन फी नाही, जागा मात्र हातावर मोजण्याइतक्या. जर्मनीत बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांमध्येही ट्यूशन फी नसते, बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपियन युनियनबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. डोक्यावर मोठं कर्ज असलेला गायक चुकीच्या रोलला नाही म्हणू शकत नाही, हे फी भरताना लक्षात असू द्या.

शिक्षणानंतर ऑपेरा स्टुडिओ किंवा यंग आर्टिस्ट प्रोग्राम. मेटचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा, लिंडेमन प्रोग्राम १९८० पासून आहे, सॅन फ्रान्सिस्कोचा मेरोला उन्हाळ्यात असतो, लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसचा जेट पार्कर २००१ पासून, शिवाय झ्युरिक आणि म्युनिकचे स्टुडिओ. इथे छोटे रोल मिळतात, मोठ्या रोल्सचं कव्हर, म्हणजे मुख्य गायक आजारी पडला तर त्याच्या जागी उभं राहायचं काम, मिळतं, आणि जगातले उत्तम लोक रोज तालमीत कसं वागतात ते जवळून बघायला मिळतं, जे कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. चांगले प्रोग्राम गायकाला पगार देतात. जे उलट गायकाकडूनच हजारो घेतात आणि बदल्यात 'युरोपात रोल करायची संधी' देतात त्यांच्याबद्दल आधी तिथे गेलेल्या चार जणांशी बोला, आणि कुठल्या कास्टिंगवाल्याने ते शो खरंच बघितले हे विचारा.

स्पर्धांचं लांबण लावत नाही. दोमिंगोची ऑपेरालिया १९९३ पासून आहे, १८ ते ३२ वयासाठी, कार्डिफची १९८३ पासून, जर्मनीत नॉये श्टिम्मेन, बार्सिलोनात तेनोर विन्यास. बक्षीस मिळालं तर छानच, पण परीक्षक म्हणून थिएटरचे कास्टिंग डायरेक्टर बसलेले असतात आणि ते हरलेल्यांनाही कामं देतात, त्यामुळे फायनलला न पोचल्याचं दुःख फार दिवस करू नका.

ऑडिशन

नेहमीचा रिवाज म्हणजे चार-पाच आरियांची यादी द्यायची, पहिली तुम्ही निवडायची, दुसरी ते मागतात, वेळ आठ-दहा मिनिटं, कधी कधी पहिलीच झाली की थँक्यू. यादीत तीन भाषा आणि एक मोझार्ट हवाच. नियम असा की ज्या रोलची आरिया यादीत आहे तो संपूर्ण रोल उद्या गाता आला पाहिजे, कारण 'कधी करू शकाल' हा प्रश्न खरंच विचारतात.

लिरिक टेनरसाठी तामिनोची चित्रावरची आरिया, 'डीस बिल्डनिस', इतकी का मागतात ते बघा. सुरुवातीलाच बी फ्लॅटवरून सरळ जी वर उडी आहे, षष्ठाची, म्हणजे पासाज्जोच्या खालून एका झटक्यात वर, तेही आखूड 'इ' वर आणि शांतपणे, दुसऱ्याच शब्दाला. लपायला जागा नाही, ऑर्केस्ट्रा गोंगाट करत नाही, कुठला नाट्यमय हुंदका घालता येत नाही. पहिल्याच ओळीत समोरच्याला कळतं की या माणसाकडे टेक्निक आहे का नुसते वरचे सूर. त्यामुळे ही आरिया नीट बसली असेल तर पहिली हीच द्या, लोक चमकदार गोष्ट आधी देतात, पण दमून बसलेल्या पॅनेलला अशी स्वच्छ ओळ ऐकली की बरं वाटतं.

'नेस्सुन दोर्मा' यादीत नको. सगळ्यांना पाठ आहे, तीन मिनिटांची आहे, बी लागतो तुमचा, सगळं मान्य. पण 'तुरांदोत'चा कालाफ तिसऱ्या अंकात तिथे पोचायच्या आधी दुसऱ्या अंकात पुच्चिनीच्या पूर्ण ऑर्केस्ट्रा आणि कोरससमोर उभा असतो, आणि पंचविशीतल्या लिरिक टेनरने ही आरिया काढली की ऐकणाऱ्याला फक्त इतकंच कळतं की याला स्वतःचा आवाज माहीत नाही. रोदोल्फोच्या 'के जेलिदा मानिना'बद्दलही सावध राहा, त्यातला 'स्पेरांत्सा'वरचा सी दहातल्या नऊ वेळा लागत असेल तर दहाव्याचं काय ते आधी ठरवा. मोठमोठे टेनर ही आरिया अर्धा सूर खाली गायलेत, त्यात लाज काही नाही, पण ऑडिशनला सरळ दुसरी आरिया द्यावी.

पियानोवादकाची काळजी घ्या. कागद फायलीत नीट लावलेले, कट स्पष्ट खुणा करून, पानं उलटायला सोपी. लय सांगायची तर टाळ्या किंवा चुटक्या वाजवू नका, एक ओळ हळू आवाजात गुणगुणा, त्याला सगळं कळतं. काही बिघडलं तर त्याच्याकडे रागाने बघायचं नाही, समोरचे ते टिपतात.

नोकरी की फ्रीलान्स

जगात टेनरला महिन्याचा पगार मिळण्याची सगळ्यात मोठी जागा म्हणजे जर्मनी. ऐंशीच्या आसपास थिएटर्स आहेत ज्यांचा स्वतःचा गायकवर्ग असतो, करार एनव्ही ब्यूने नावाच्या सामायिक नियमांखाली, पगार, आरोग्य विमा, सगळं. करार साधारण वर्षा-दोन वर्षांचे असतात आणि पुढे ठेवायचं नसेल तर थिएटरला ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवावं लागतं, त्यामुळे ऑक्टोबर महिना तिथे सगळ्यांचाच जीव टांगणीला लावून जातो. एजंट नसेल तर झेडएव्ही नावाच्या सरकारी कलाकार-रोजगार कार्यालयात ऑडिशन द्या, तिथे ऐकायचे पैसे घेत नाहीत.

या नोकरीत दोन-तीन वर्षांत दहा-बारा रोल पदरात पडतात, स्टेजची भीती जाते, भाषा येते. धोका हा की थिएटरला आजची गरज असते, तुमच्या चाळिशीशी त्यांना देणंघेणं नाही. मंगळवारी हलकाफुलका ऑपेरेट्टा, गुरुवारी मोझार्ट, आणि मग एक दिवस कुणीतरी प्रेमाने विचारतं की पुढच्या सीझनला डॉन होझे करशील का. म्हणून करारात फाख लिहून घ्या, आणि नाही म्हणायचं ते असं म्हणा की 'आत्ता नको, तीन वर्षांनी नक्की विचारा, त्याऐवजी हा रोल द्या', म्हणजे दार बंद होत नाही. योनास काउफमानची सुरुवात १९९४ मध्ये झारब्र्युकेनच्या अशाच थिएटरात झाली, तिथेच आवाज त्रास द्यायला लागला, मग त्याने शिक्षक बदलून टेक्निक पायापासून नवीन केलं आणि पुढे झ्युरिकमध्ये हळूहळू वर आला. असं थांबून परत शिकायची हिंमत फार थोड्यांकडे असते, मला त्याच्या सगळ्या गाजलेल्या संध्याकाळींपेक्षा ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

फ्रीलान्सचं गणित वेगळं. फी दर शोची असते. चार ते सहा आठवडे तालमी असतात, त्याचे बऱ्याच ठिकाणी वेगळे पैसे नाहीत, राहायचं-खायचं आपलं, एजंटचे दहा ते पंधरा टक्के, त्यात परदेशी थिएटर टॅक्स आधीच कापून देतं. आणि शोच्या दिवशी आजारी पडलात आणि गायला नाहीत तर त्या शोचे पैसे शून्य. २०२० मध्ये थिएटर्स बंद झाली तेव्हा किती तरी जणांचे करार एका कलमाखाली रद्द झाले आणि हातात काहीच आलं नाही. सहा महिने काम न करता जगता येईल इतके पैसे बाजूला पडत नाहीत तोवर पगाराची जागा सोडू नका. आणि बुकिंग दोन-चार वर्षं आधी होतं, म्हणजे आज सही करताना तीन वर्षांनंतरच्या आवाजाचा अंदाज बांधायचा असतो, त्यामुळे शंका असेल तर हलका रोल घ्या, भारी रोल कुठे पळून जात नाही.

अचानक येणाऱ्या फोनचंही बोलतो. कुणीतरी आजारी पडतो आणि संध्याकाळी दुसरा उभा करायचा असतो, जर्मनीत हे रोजचंच. दोमिंगोचं मेटमधलं पदार्पण २८ सप्टेंबर १९६८ ला असंच झालं, फ्रांको कोरेल्ली ऐनवेळी गाणार नाही म्हणून, ठरलेल्या तारखेच्या काही दिवस आधीच. असे फोन घ्यायला चार-पाच रोल कायम घशात तयार हवेत, महिन्यातून एकदा सगळे गाऊन काढा, पासपोर्ट आणि स्कोअर बॅगेत. पण अर्धवट बसलेला रोल मोठ्या घरात उडी मारून गाऊ नका, तिथे दुसऱ्यांदा पहिली छाप पाडता येत नाही.

तालमीत मार्किंग करायला लाजू नका, म्हणजे पूर्ण आवाज न लावता गायचं, वरचे सूर खालच्या सप्तकात. दिवसाला सहा तास स्टेजिंग असताना सगळं भरून गाणारा टेनर प्रीमियरला रिकामा असतो. फक्त कंडक्टरला आधी सांगा, आणि ऑर्केस्ट्राबरोबर पहिल्यांदा बसून गायचं असतं त्या दिवशी निदान अवघड जागा तरी पूर्ण गा, नाहीतर त्याला बॅलन्स कळत नाही.

घसा

आवाज ठणठणीत असताना एकदा गायकांना बघणाऱ्या ईएनटीकडून स्वरतंतूंचं स्ट्रोबोस्कोपीचं रेकॉर्डिंग करून घ्या, म्हणजे पुढे काही झालं तर तुलनेला नॉर्मल चित्र असतं. शो रात्री अकराला संपतो, मग भूक लागते, भरपेट खाऊन आडवं झालं की ॲसिड वर येतं आणि सकाळी आवाज जड, हे टेनरांचं नेहमीचंच दुखणं, रात्री हलकं खा. सर्दीची काही औषधं घसा कोरडा करतात. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या घेऊन गायलं तर स्वरतंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटायचा धोका वाढतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि कॉर्टिझोनचं इंजेक्शन घेऊन शो वाचवायचा मोह होतो, सूज दिसेनाशी होते पण इजा तिथेच असते, ते वर्षात एखाद्या वेळी आणि डॉक्टर समोर असताना, सवय म्हणून नाही. गाता गाता एकदम आवाज गेला तर त्या क्षणी थांबा, अंक पूर्ण करायचा हट्ट नको.

रोलान्दो व्हियाझोनला २००९ मध्ये स्वरतंतूवरच्या सिस्टचं ऑपरेशन करावं लागलं आणि कित्येक महिने शांत बसावं लागलं. कारुसो तर डिसेंबर १९२० मध्ये ब्रुकलिनला गाता गाता रक्त येत असतानाही रुमालाने पुसत पहिला अंक पुरा करून गेला, त्यानंतरही शो केले, २४ डिसेंबरला मेटमध्ये शेवटचा, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये गेला, ४८ व्या वर्षी. दुखणं छातीचं होतं, घशाचं नाही, पण आजारी असताना गाणं म्हणजे निष्ठा असं ज्याला वाटतं त्याने हे वाचावं. शो रद्द करणं हा कामाचा भाग आहे, आणि थिएटरकडे कव्हर त्यासाठीच असतं.

पस्तिशीनंतर

इथून आवाज थोडा गडद आणि मोठा होतो आणि सगळीकडून भारी रोल्सच्या ऑफर येतात, पैसेही जास्त. आल्फ्रेदो क्राउसने स्वतःच्या लिरिक रोल्सच्या बाहेर जायला आयुष्यभर नकार दिला, वेर्थर, ड्यूक, एदगार्दो असेच थोडे रोल पुन्हा पुन्हा, आणि सत्तरीपर्यंत ताजा गात राहिला. जुझेप्पे दि स्तेफानोचा आवाज निसर्गतः कदाचित त्याच्याहून सुंदर होता, पण उघडं गाणं आणि भारी रोल लवकर घेतले, आणि ज्या वयात टेनर बहरात असतो तेव्हाच त्याचे वरचे सूर बिघडायला लागले. मग प्रत्येकाने क्राउसच व्हायचं का, तर तसंही नाही. ग्रेगरी कुंडे रॉसिनी आणि बेल कांतोमध्ये वाढला, आवाज बदलतोय हे कळल्यावर एक एक पायरी चढला, आणि २०१२ मध्ये व्हेनिसला वेर्दीचा ओतेल्लो गायला तेव्हा ५८ वर्षांचा होता. जो आधी हलकं नीट गायला त्यालाच हे जमलं.

तेव्हा एक कागद घ्या आणि रोल्सचे तीन रकाने करा, आत्ता गातो, पाच वर्षांनी बघू, बहुतेक कधीच नाही. शिक्षक, एक कोच आणि तुमच्याकडून एक पैसाही न घेणारा असा एक कान, या तिघांना दाखवा, आणि दर वर्षी सीझन संपल्यावर परत बघा. भारी रोल करून बघायचाच असेल तर आधी छोट्या थिएटरात, समजूतदार कंडक्टरबरोबर, दोन शोंमध्ये तीन-चार दिवसांची सुट्टी करारात लिहून घेऊन करा, आणि तो संपल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मोझार्ट काढा. फेर्रान्दोची 'उन आउरा आमोरोसा' पहिल्यासारखी हळुवार, लांब श्वासात गाता आली तर त्या रोलने काही बिघडवलं नाही. नाही आली, तर पुढची सही लांबणीवर टाका आणि शिक्षकाला फोन लावा.